सोन्याचा क्रूस, कापसाचा भाव आणि चर्चमधले शेतकरी : अमेरिका, १८९० ते १९००

कोरडवाहू

अमेरिकन राजकारणी विल्यम जेनिंग्ज ब्रायन हे नाव आपल्याकडे निघालंच तर एकाच संदर्भात निघतं. १९२५ साल, टेनेसीतलं डेटन गाव, उत्क्रांती शिकवली म्हणून शिक्षकावर खटला. बायबलचा शब्द न् शब्द खरा मानणारा म्हातारा ब्रायन, त्याला साक्षीला उभं करून शिक्षकाचा वकील क्लॅरेन्स डॅरोने काढलेली त्याची पिसं, आणि खटला संपल्यावर पाचव्या दिवशी ब्रायनचा मृत्यू. धर्मवेडा गेला, विज्ञान जिंकलं, विषय संपला.

गंमत अशी की त्याच्या २९ वर्षं आधी, १८९६ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत, हा डॅरो याच ब्रायनच्या प्रचारात होता. स्वतःही त्याच्याच डेमोक्रॅटिक पक्षाकडून काँग्रेससाठी उभा होता आणि थोडक्यात पडला. मग मधे काय झालं? माझं म्हणणं असं, की १८९० च्या दशकात अमेरिकेत सगळ्यात श्रद्धाळू आणि अर्थकारणात सगळ्यात जहाल असे दोन वेगळे गट नव्हतेच. माणसं तीच होती. १९२५ चा चष्मा घालून १८९६ कडे बघितलं की हे दिसेनासं होतं.

आधी शेतकऱ्याची अवस्था. यादवी युद्धानंतर दक्षिणेत रोकड नव्हती. टेक्सस किंवा कॅरोलायनातला कापूसवाला पेरणीच्या आधी गावातल्या दुकानदाराकडे जायचा. पीठ, खारवलेलं डुकराचं मांस, खत, कापड सगळं उधार. दुकानात रोखीचा भाव वेगळा, उधारीचा वेगळा, आणि वर व्याज. तारण काय, तर शेतात अजून न उगवलेलं पीक. दुकानदार सांगणार, कापूसच लाव, मका नको, कारण कापूस लगेच विकला जातो. शरद ऋतूत कापूस पिंजून गाठी बांधल्या की वही उघडायची आणि बाकी पुढच्या वर्षावर जायची. एकदा एका दुकानदाराकडे पीक गहाण पडलं की दुसरा कोणी दारात उभं करायचा नाही.

त्यात १८७९ पासून देशाचा डॉलर पुन्हा सोन्याला बांधला गेला. लोकसंख्या वाढली, उत्पादन वाढलं, पैसा त्या मानाने वाढला नाही, भाव पडत गेले. १८७० च्या दशकाच्या मध्यात पौंडाला दहा सेंटच्या वर असलेला कापूस १८९४ ला पाच सेंटच्याही खाली गेला. कर्जाचे डॉलर मात्र तेवढेच. म्हणजे शंभर डॉलर फेडायला दुप्पट कापूस.

यातून फार्मर्स अलायन्स उभी राहिली. मूळ टेक्ससच्या लॅम्पासस काउंटीतलं, १८७७ च्या सुमाराचं. सहकारी खरेदी-विक्री हा तिचा पाया, पण ती पसरली कशी हे बघण्यासारखं आहे. त्या मुलखात उन्हाळ्यात पिकाची कामं सरली की मेथडिस्ट-बाप्टिस्ट या प्रॉटेस्टंट पंथांच्या लोकांचे रानात तंबू ठोकून चालणारे धर्ममेळावे व्हायचे. दिवसदिवस प्रवचनं, गाणी, बायकापोरांसकट मुक्काम. अलायन्सने तो साचा जसाच्या तसा उचलला. प्रवचनकाराच्या जागी फिरता व्याख्याता आला, चर्चच्या चालींवर रेल्वे आणि बँकांवरची गाणी आली. पापाच्या ठिकाणी मक्तेदारी. ऐकणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

१८९२ च्या ४ जुलैला ओमाहात अलायन्सच्या लोकांतून उभ्या राहिलेल्या पीपल्स पार्टीने (हेच ते पॉप्युलिस्ट) जाहीरनामा मंजूर केला. प्रस्तावना मिनेसोटाच्या इग्नेशस डॉनेलीची. (हा गृहस्थ बुडालेल्या अटलांटिस खंडावर पुस्तक लिहून आधीच गाजलेला होता. वल्ली!) त्यातलं एक वाक्य साधारण असं: सरकारी अन्यायाच्या एकाच सुपीक कुशीतून आपण दोन मोठे वर्ग पैदा करतो, भणंग आणि लक्षाधीश. मागण्या: वाढत्या दराचा प्राप्तिकर, रेल्वे आणि तार सरकारच्या ताब्यात, पोस्टात बचत खाती, चांदीची खुली नाणी. जोडीला गुप्त मतदान आणि सिनेटरांची थेट निवडणूक. त्या वर्षी अध्यक्षपदासाठी त्यांच्या जेम्स वीव्हरला लोकांची दहा लाखांवर मतं आणि निर्वाचक मंडळातली २२ इलेक्टोरल मतं मिळाली.

मग ९ जुलै १८९६. शिकागोचं कोलिझियम, डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन. नेब्रास्काचा ३६ वर्षांचा ब्रायन बोलायला उभा. लाउडस्पीकर नाही, हजारोंचा जमाव. "तुमची शहरं जाळा आणि आमची शेतं राहू द्या, शहरं जादूने परत उभी राहतील. आमची शेतं उद्ध्वस्त करा, देशातल्या प्रत्येक शहराच्या रस्त्यात गवत उगवेल." आणि शेवटी: श्रमिकाच्या कपाळावर हा काट्यांचा मुकुट दाबू नका, मानवजातीला सोन्याच्या क्रूसावर खिळू नका. हे म्हणताना त्याने बोटं कपाळावरून खाली ओढली, मग दोन्ही हात आडवे पसरले आणि पाचेक सेकंद तसाच उभा राहिला. सभागृह आधी चिडीचूप आणि मग वेडंपिसं. दुसऱ्या दिवशी पाचव्या फेरीत उमेदवारी त्याची.

चलनाच्या धोरणावर भाषण, आणि शेवट सुळावरच्या येशूने. मला हे ढोंग वाटत नाही. ज्या लोकांच्या घरात एकच पुस्तक होतं, त्यांना न्याय-अन्याय बोलायला तीच भाषा होती.

तुम्हाला काय वाटतं?

वाचनमात्र

वाचनखूण साठवली. एक बाळबोध शंका: सोन्याऐवजी चांदी आली की शेतकऱ्याचं भलं कसं? दोन्ही शेवटी धातूच ना?

नाणेवाला

बाळबोध नाही, तिथेच मेख आहे. जुना नियम असा, की टांकसाळीत चांदी न्या, सोळा भार चांदीला एक भार सोन्याची किंमत धरून नाणी पाडून मिळतील. १८७३ च्या कायद्याने चांदीचा डॉलर गुपचूप वगळला, म्हणून तो 'त्र्याहत्तरचा गुन्हा'. पुढे नेव्हाडा वगैरेच्या खाणींतून चांदीचे ढीग निघाले. १८९६ ला बाजारात एक भार सोन्याला तीस भार चांदी होती. म्हणजे सोळाच्या दराने नाणी पाडली असती तर चलन भसाभस वाढलं असतं, भाव चढले असते, जुनं कर्ज हलकं झालं असतं. देणेकऱ्याला हवं तेच, सावकाराला नको तेच.

आता आपला संबंध. हिंदुस्थानातला रुपया चांदीचा. चांदी पडली तसा रुपया दोन शिलिंगांवरून घसरत सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. सरकारला लंडनला द्यायचे पैसे सोन्यात, म्हणून कलकत्ता सरकारच्या तोंडचं पाणी पळालं. शेवटी २६ जून १८९३ ला मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या. जगातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक गेलं, चांदी धाडकन कोसळली. अमेरिकेत आधीच १८९३ ची मंदी सुरू होती. अध्यक्ष क्लीव्हलँडने ऑगस्टात खास अधिवेशन बोलावून सरकारी चांदीखरेदीचा कायदा नोव्हेंबरात रद्द करवला. त्या वादात चांदीच्या बाजूने तीनेक तास बोललेला तरुण खासदार म्हणजे आपला ब्रायन. फोर्टातल्या टांकसाळीचं दार बंद झालं आणि नेब्रास्कात राजकारण तापलं, असं म्हणायला हरकत नाही.

बोंडअळी

वऱ्हाडातून दंडवत. पीक गहाण, उधारीचा भाव वेगळा, कापूसच लाव म्हणून सक्ती… वाचताना गावचीच गोष्ट वाटली राजेहो. आणि बाजारही एकच होता ना. अमेरिकेत यादवी पेटली तेव्हा मुंबईचा कापूस सोन्याच्या भावाने लिव्हरपूलला गेला, आणि त्यांचा कापूस परत आल्यावर इथला भाव बसला. १८७५ ला सुप्याला आणि पुणे-नगर भागात सावकारांच्या वह्या जाळल्या त्याच्या मुळाशी ती मंदीही होतीच.

पण धागाकर्त्यांनी अलायन्सची सगळ्यात भारी कल्पना सांगितलीच नाही! चार्ल्स मॅक्युनची सब-ट्रेझरी योजना, १८८९ ची. सरकारने गोदामं बांधायची, शेतकऱ्याने न नासणारा माल तिथे ठेवायचा, बाजारभावाच्या ८० टक्क्यांपर्यंत उचल वर्षाला एक टक्का व्याजाने घ्यायची आणि भाव चढला की विकायचं. आपल्या बाजार समित्यांची शेतमाल तारण योजना काय वेगळी आहे? फरक एवढाच, की मॅक्युनच्या योजनेत ती उचल म्हणजे नवीन चलनच होतं. पीक निघतं तेव्हा पैसा वाढणार, विकलं की आटणार. चांदीपेक्षा हा विचार कितीतरी खोल होता. १८९६ ला ब्रायनच्या नादी लागून पॉप्युलिस्टांनी तो सोडला आणि नुसती चांदी धरली. माझ्या मते पक्ष तिथेच मेला.

तिरकस

धागा चांगला, पण थोडा भाबडा. बायबल दोन्हीकडे होतं हो. १८९६ ला ब्रायनविरुद्ध उभा असलेला रिपब्लिकन मॅकिन्ली पक्का मेथडिस्ट. तेलसम्राट रॉकफेलर रविवारच्या शाळेत जाणारा बाप्टिस्ट. मॅसॅच्युसेट्सचे बिशप लॉरेन्स १९०१ ला सरळ म्हणाले, की धार्मिकता आणि श्रीमंती यांचं साटंलोटं आहे. पोलादसम्राट कार्नेगीचं १८८९ चं 'संपत्तीचं शुभवर्तमान' तर नावातच धर्म घेऊन आलं. मग शेतकऱ्याचा येशू खरा आणि बँकवाल्याचा खोटा, हे कोणी ठरवलं?

आणि सगळं संकट मूठभर दुष्टांच्या कारस्थानावर ढकलायची सवय ही पॉप्युलिस्टांचीच. इतिहासकार रिचर्ड हॉफस्टॅडरने १९५० च्या दशकात हे दाखवून दिलंय. लंडनचे सावकार, रॉथ्सचाइल्ड हे बँकवालं घराणं, मग हळूच ज्यू. धर्मयुद्धाची भाषा वापरली की समोरचा विरोधक राहत नाही, सैतान होतो.

कोरडवाहू

@तिरकस, कारस्थानाचा मुद्दा काही अंशी मान्य. पण हॉफस्टॅडरने टेक्सस-कॅरोलायनातली सहकारी चळवळ जवळपास वगळली. लॉरेन्स गुडविनने १९७६ मध्ये नेमकं तेच दाखवलं. ज्यांनी गोदामं, एक्स्चेंज, हजारभर छोटी वर्तमानपत्रं चालवली त्यांना नुसते बिथरलेले खेडूत कसं म्हणायचं?

'कोणाचा येशू' याबद्दल. हा वाद चर्चच्या आतच पेटला होता. नॉर्थ कॅरोलायनाचा सायरस थॉम्पसन, धंद्याने डॉक्टर, अलायन्सचा राज्य अध्यक्ष, स्वतः मेथडिस्ट. १८९५ ला तो जाहीरपणे म्हणाला, की चर्च आज तिथेच उभं आहे जिथे ते कायम उभं होतं, गुलामगिरीच्या बाजूला. काय गहजब झाला असेल विचार करा! पाद्री तुटून पडले. तो नास्तिक नव्हता. उलट त्याचं म्हणणं, की शहरातल्या मोठ्या चर्चला पैसेवाल्यांच्या वर्गणीची चटक लागलीय आणि खरा ख्रिस्ती धर्म आता अलायन्सच्या बैठकीत उरलाय. बाप्टिस्ट परंपरेत मंडळीचा निर्णय मंडळीच घेते, वरून बिशप हुकूम सोडत नाही. अशा घरात वाढलेल्याला 'वॉल स्ट्रीट सांगते ते ऐका' हे पटणं अवघडच.

रॅलीकरीण

मी नॉर्थ कॅरोलायनात, रॅली शहरात राहते. सायरस थॉम्पसनचं नाव मराठीत वाचून चाट पडले. पण ही गोष्ट १८९५ ला थांबवली तर फारच गोड होईल.

इथे १८९४ ला पॉप्युलिस्ट आणि रिपब्लिकन एकत्र आले. म्हणजे प्रत्यक्षात गरीब गोरे शेतकरी आणि कृष्णवर्णीय मतदार. विधानसभा जिंकली. व्याजदराला सहा टक्क्यांची मर्यादा घातली, स्थानिक निवडणुका परत लोकांच्या हातात दिल्या. १८९६ ला रिपब्लिकन रसेल गव्हर्नर, थॉम्पसन सेक्रेटरी ऑफ स्टेट, जॉर्ज व्हाइट हा कृष्णवर्णीय वकील काँग्रेसवर. दक्षिणेत त्या काळात दुसरीकडे कुठे हे इतकं जमलं नाही.

ते मोडायला १८९८ ला डेमोक्रॅटिक पक्षाने वंशाचा विषय काढला. सूत्रधार फर्निफोल्ड सिमन्स, आणि भोंगा म्हणजे जोसेफस डॅनियल्सचं 'न्यूज अँड ऑब्झर्व्हर' हे वर्तमानपत्र. पहिल्या पानावर रोज व्यंगचित्रं: कृष्णवर्णीय राक्षस, त्याच्या पंजात गोऱ्या बायका. अंक खेडोपाडी फुकट वाटले. जॉर्जियाच्या रिबेका फेल्टनबाईंचं जुनं भाषण शोधून छापलं. बाई मेथडिस्ट, दारूबंदीवाल्या. भाषणाचा मतितार्थ: पापाविरुद्ध मोहीम काढायला पाद्र्यांच्या व्यासपीठावर पुरेसा धर्म उरला नसेल आणि बाईची अब्रू वाचवायला लिंचिंगच (जमावाने ठार मारणं) लागत असेल, तर आठवड्याला हजार करा. धर्म कसा वापरला बघा. विल्मिंग्टनचा कृष्णवर्णीय संपादक ॲलेक्स मॅनली याने त्याला उत्तर लिहिलं. तेच निमित्त झालं.

निवडणूक ८ नोव्हेंबरला झाली. १० तारखेला विल्मिंग्टनमध्ये गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने मॅनलीचा छापखाना जाळला, माणसं मारली, निवडून आलेल्या महापौराचा आणि नगरसेवकांचा बंदुकीच्या धाकाने राजीनामा घेतला. जमावाचा म्होरक्या वॉडेल त्याच दिवशी महापौर. अनेक कृष्णवर्णीय कुटुंबं थंडीत दलदलीत लपून बसली. पुढच्या रविवारी फर्स्ट प्रेस्बिटेरियन चर्चचे पाद्री पेटन होज व्यासपीठावरून म्हणाले, गेल्या भेटीनंतर आपण एक शहर जिंकलं आहे. ते स्वतः रायफल घेऊन रस्त्यावर होते.

आणि हा डॅनियल्स कोण? ब्रायनचा निस्सीम भक्त. १८९६ ला त्याच्यासाठी राबला, १९१३ ला दोघंही अध्यक्ष विल्सनच्या मंत्रिमंडळात. त्याचा पुतळा इथे नॅश स्क्वेअरमध्ये होता, २०२० च्या जूनमध्ये त्याच्या घरच्यांनीच काढून नेला. कोरडवाहू, तुमच्या सोन्याच्या क्रूसाला ही बाजू आहे. ब्रायनने शेतकऱ्याचे काटे मोजले, पण दक्षिणेतला त्याचा पक्ष कोणाला खिळत होता याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

चष्मेबद्दूर

रॅलीकरीणताई, जबरदस्त प्रतिसाद.

फेल्टनबाईंवरून टॉम वॉटसन आठवला. जॉर्जियाचाच. १८९२ ला याने लिहिलं होतं, की गोऱ्या आणि काळ्या शेतकऱ्यांना वेगळं ठेवलं जातं ते दोघांना वेगवेगळं लुबाडता यावं म्हणून. त्याच वर्षी त्याचा प्रचार करणाऱ्या डॉइल नावाच्या कृष्णवर्णीय प्रवचनकाराच्या जिवावर उठले, तेव्हा वॉटसनने त्याला आपल्या घरी आसरा दिला आणि राखणीला गोरे शेतकरी बंदुका घेऊन जमले. १८९६ ला पॉप्युलिस्टांनी याला ब्रायनच्या जोडीला उपाध्यक्षपदासाठी उभं केलं. दारुण हरले. आणि मग माणूस सडत गेला. आधी कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढा, मग कॅथलिकांवर गरळ, मग ज्यूंवर. १९१५ ला लिओ फ्रँक या ज्यू कारखाना व्यवस्थापकाला जमावाने झाडाला लटकावलं त्याआधी वॉटसनचा छापखाना कित्येक महिने आग ओकत होता. १९२० ला सिनेटर झाला, १९२२ ला मेला. त्याच्या रिकाम्या जागेवर एक दिवसापुरती अमेरिकेची पहिली महिला सिनेटर कोण बसली? रिबेका फेल्टन.

नगरी

अवांतर: रॉकफेलरचं नाव निघालं म्हणून. १९०५ ला त्याने अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेला एक लाख डॉलर दिले. ओहायोचे पाद्री वॉशिंग्टन ग्लॅडन खवळले, म्हणाले हा पैसा विटाळलेला आहे, परत करा. देशभर वाद. मग बाहेर आलं की देणगी आपणहून आलेली नाही, बोर्डानेच मागितली होती. हे बोर्ड म्हणजे आपल्या अमेरिकन मराठी मिशनची मातृसंस्था. १८१३ ला मुंबईत, १८३१ ला नगरला आलेली. 'ज्ञानोदय' त्यांचाच, रेव्हरंड टिळक त्यांच्यातलेच. तेलाच्या मक्तेदारीवरून ओहायोत पेटलेल्या भांडणाचा धूर आमच्या गावातल्या मिशन कंपाउंडाच्या पैशांपर्यंत पोचत होता तर!

ग्लॅडन, न्यूयॉर्कचा राउशनबुश वगैरे मंडळी 'सामाजिक शुभवर्तमान'वाली, म्हणजे धर्माने समाजातला अन्यायही दूर करावा असं मानणारी. शहरी, शिकलेली. शेतकऱ्यांच्या चळवळीशी त्यांची फारशी ऊठबस नव्हती, हेही नोंदवायला हवं.

वाचनमात्र

अजून एक शंका. शेतकरी ब्रायनकडे, मग कारखान्यातले कामगार का नाही गेले? श्रमिकाचा मुकुट म्हणत होता ना तो?

कोरडवाहू

कारण पगारदाराला चढे भाव नको असतात. मॅकिन्लीचा प्रचार भरभराटीचं आश्वासन देत होता. त्याचा प्रचारप्रमुख मार्क हॅनाने कंपन्यांकडून ३५ लाख डॉलर उभे केले. ब्रायन आगगाडीने १८,००० मैल फिरला, तर मॅकिन्ली ओहायोतल्या कँटनमधल्या आपल्या घराच्या ओसरीवर बसून राहिला आणि रेल्वे कंपन्यांनी स्वस्त तिकिटात लोकांचे जथे तिथे आणून सोडले.

धर्माचाही भाग आहे. शहरातला कामगार आयरिश किंवा पोलिश कॅथलिक, जर्मन असेल तर कॅथलिक नाहीतर लुथरन. ब्रायनचा तो प्रवचनाचा सूर त्यांना आपला वाटला नाही. उद्या हा आमची बिअर बंद करेल, ही शंका. निकाल: इलेक्टोरल मतं मॅकिन्लीला २७१, ब्रायनला १७६. ब्रायनला ईशान्येकडचं एकही राज्य नाही.

@रॅलीकरीण, विल्मिंग्टन मुद्दामच मूळ लेखात घेतलं नव्हतं, स्वतंत्र लिहायचा विचार होता. आता तुम्हीच लिहा, मी वाचतो. मात्र धर्माने चळवळ मोडली असं मी म्हणणार नाही. होज पाद्रीचं चर्च हे थॉम्पसन ज्याला शिव्या घालत होता तेच चर्च होतं.

तिरकस

सुटका करून घेताय. साधे गावातले बाप्टिस्टही १८९८ ला लाल सदरे घालून घोड्यावरून कृष्णवर्णीय मतदारांना धमकावत हिंडत होतेच की. आणि ब्रायन १९२४ ला काय करत होता? डेमोक्रॅटिक अधिवेशनात कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेचा नाव घेऊन निषेध करायचा ठराव आला, हा बाबा विरोधात बोलायला उभा. ठराव अगदी निसटत्या फरकाने पडला.

एक मात्र त्याच्या बाजूने सांगतो. डेटनच्या शाळेतलं ते जीवशास्त्राचं पाठ्यपुस्तक काढून बघा. मानववंशांची उतरंड, वर गोरे. 'निकृष्ट' कुटुंबांची पैदास थांबवा म्हणून उपदेश. महायुद्धात जर्मन अधिकारी 'जो टिकेल तो खरा' म्हणत होते ते वाचून ब्रायन हादरला होता. त्याला डार्विनमध्ये रॉकफेलर दिसत होता. जीवशास्त्र चुकलं त्याचं, पण घाबरला तो उगाच नाही.

बोंडअळी

सहमत. आता मला सांगा, या सगळ्यातून शेतकऱ्याच्या पदरात पडलं काय?

कोरडवाहू

पोस्टातली बचत १९१० च्या कायद्याने आली. प्राप्तिकर आणि सिनेटरांची थेट निवडणूक, दोन्ही घटनादुरुस्त्या १९१३ च्या. १९१६ ला गोदामातल्या मालाच्या पावतीचा कायदाही झाला, मॅक्युनची सौम्य आवृत्ती म्हणा. भाव मात्र १८९७ नंतर आपोआप सावरले, कारण दक्षिण आफ्रिका आणि कॅनडातल्या क्लोंडाइकमधून सोनंच भरपूर आलं. चांदीवाल्यांचा सिद्धांत बरोबर ठरला, फक्त धातू दुसरा निघाला.

रॅलीकरीण

आणि पदरातून गेलं काय तेही लिहा. इथे १९०० ला घटनादुरुस्ती झाली: मतदानासाठी साक्षरतेची परीक्षा आणि पोल टॅक्स, म्हणजे मत द्यायच्या आधी भरायचा कर. १८६७ च्या आधी ज्याच्या आजोबाला मत होतं त्याला परीक्षा माफ, पण नाव १९०८ पर्यंत नोंदवलेलं पाहिजे. पोल टॅक्स मात्र त्यालाही. पॉप्युलिस्ट सिनेटर मॅरियन बटलर ओरडून सांगत होता की उद्या गरीब गोरेही यात जातील. ऐकलं नाही कोणी. लुइझियानात तर १८९६ ला १,३०,००० वर नोंदलेले कृष्णवर्णीय मतदार १९०४ ला १,३४२ उरले. जॉर्ज व्हाइटने १९०१ च्या जानेवारीत काँग्रेसमध्ये निरोपाचं भाषण केलं. त्यानंतर नॉर्थ कॅरोलायनातून पुढचा कृष्णवर्णीय प्रतिनिधी १९९२ ला निवडून आला.

विल्मिंग्टनवर लिहिते, पण दिवाळीनंतर.

वाचनमात्र

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. ब्रायनचं ते भाषण ऐकायला मिळतं का कुठे?

नाणेवाला

मिळतं, पण १८९६ चं नाही. तेव्हा कोणी ध्वनिमुद्रित केलं नव्हतं. १९२१ ला इंडियानातल्या जेनेट या रेकॉर्ड कंपनीसाठी त्याने त्यातला तुकडा परत म्हटला, साठी उलटल्यावर. तोच नेटवर फिरतो आणि लोक खाली लिहितात, वा, काय ते शिकागोचं अधिवेशन!